टेप ताणलेली नाही
"ओ सर, टेप ताणलीया काय? सूर हालालेत की!"

बेळगावच्या टिळकवाडीतल्या गिटार क्लासमध्ये आज एका पोराचा प्रश्न. स्पीकरवर 'लव्हलेस' चालू होता. माय ब्लडी व्हॅलेंटाईन या रॉक बँडचा हा अल्बम 4 नोव्हेंबर 1991 ला आला.

पोराचा कान पक्का आहे. सूर हलतातच. लोक त्यासाठी इफेक्टचं पेडल शोधत बसतात, पण बँडचा गिटारवादक केविन शील्ड्स ट्रेमोलो बार (ब्रिज हलवून सूर खाली-वर करणारा दांडा) मुठीत धरूनच स्ट्रम करतो. त्यामुळे अख्खी कॉर्ड किंचित खाली-वर सरकते. वर रिव्हर्स रिव्हर्ब, म्हणजे उलटा वाजल्यासारखा घुमारा.

त्याच्या फेंडर जॅझमास्टर गिटारवर हे जमतं. आपल्याकडच्या स्वस्त स्ट्रॅट कॉपीवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टरची नक्कल) दोन मिनिटांत गिटार बेसूर. दोष बहुतेक वेळा नटचा, म्हणजे मानेच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीचा असतो: तार खाचेत अडकते आणि परत जागेवर येत नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीवर दोन-तीनच वेढे ठेवा, जास्त वेढे म्हणजे जास्त घसरण. मागच्या स्प्रिंगचे दोन स्क्रू थोडे सैल करून ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीची) मागची कड साधारण 3 मिमी उचलू द्या, आणि दर वेळी पुन्हा ट्यून करा. कंटाळवाणं काम, पण ब्रिज बॉडीला टेकलेला असेल तर सूर फक्त खालीच जातो, वर नाही.

आणि बेळगावच्या पावसाळ्यात गंजलेल्या तारा? त्या आधी बदला हो!

शहापूर-खडेबाजार भागात नट नीट घासून देणारं कोणी आहे का?