हवा भरलेली वळकटी

"स्वॅग घेतलाय," असं मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं, तर मागून भाचा फिस्सकन हसला. त्याच्या लेखी स्वॅग म्हणजे काळा गॉगल आणि चालण्यातला माज. ऑस्ट्रेलियात स्वॅग म्हणजे वळकटी. जाड कॅनव्हासची खोळ, आत गादी. गुंडाळा, पट्टे आवळा, निघा. एकोणिसाव्या शतकात ती पाठीला मारून कामाच्या शोधात गावोगाव पायी फिरणारे स्वॅगमन होते, 1890 च्या दशकातल्या मंदीत तर फारच. इथं राष्ट्रगीताइतक्या प्रेमाने गायल्या जाणाऱ्या 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' या गाण्यातली माटिल्डा ही कुणी बाई नाही, त्या फिरस्त्याची वळकटी आहे, हे मला मेलबर्नमध्ये आठ वर्षं काढल्यावर कळलं.

"म्हणजे आपला होल्डॉल," बाबा म्हणाले. विषय संपला.

आमच्या होल्डॉलमध्ये मात्र हवा भरायची होती. नेहमीच्या स्वॅगला डोक्याशी आणि पायाशी अॅल्युमिनियमच्या कमानी असतात. त्या काड्या एकमेकींत सरकवून, वाकवून, कॅनव्हासच्या बाहीतून ओवायच्या. संध्याकाळी वारा सुटलेला असताना हे काम नवरा-बायकोने मिळून करू नये असं माझं ठाम मत आहे. हवेच्या स्वॅगमध्ये काड्यांच्या जागी फुगवायच्या नळ्या असतात. बाहेर मजबूत कापडी बाही, आत सायकलच्या ट्यूबसारखी पण जाड, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. पंप लावायचा, पाचेक मिनिटं दंड-बैठका काढल्यासारखं खालीवर करायचं, की कमानी आपोआप उभ्या राहतात. खुंट्या आणि ताणाच्या दोऱ्या तेवढ्या ठोकायच्या.

दुकानात जमिनीवर सात-आठ स्वॅग मांडून ठेवले होते. मी बूट काढून सरळ एकेकात जाऊन झोपले. लाज वाटून घेऊ नका, सगळेच झोपतात. वर तोंड करून झोपलं की नाकापासून कापड किती लांब आहे ते कळतं, आणि कूस बदलताना खांदा कुठे घासतो तेही. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणखी एक गोष्ट तिथेच करून बघावी: रात्री दोनला लघवीला जायचंय असं समजून बाहेर यावं. काही स्वॅगची चेन फक्त डोक्याशी उघडते. त्यातून मी बाहेर आले ते घोरपडीसारखी. म्हणून दोन्ही कुशींना पूर्ण उघडणारा घेतला. प्रत्येक कमानीला वेगळा व्हॉल्व्ह आहे ना, एवढं मात्र मी विचारून घेतलं होतं. सगळ्यांची हवा एकमेकींत जोडलेली असेल तर एक नळी फुटली की मध्यरात्री अख्खं घर अंगावर. पंपावर दाबाचा काटा होता, आमच्या स्वॅगसाठी आठ पीएसआय लिहिलं होतं. वजन 14 किलो. म्हणजे पाठीला मारून हिंडायचे दिवस गेले, हा गाडीच्या टपावरचा ऐवज.

गादीपाशी मात्र मी चुकले. पाच सेंटिमीटर फोमची गादी किंवा पंधरा सेंटिमीटर हवेची, असे दोन पर्याय होते. माझी कंबर आणि तो पंधराचा आकडा बघून मी डोळे मिटून हवेची घेतली.

आणल्या आणल्या अंगणात उभा करून त्यावर पाइपने पाणी मारलं. वाळवला, परत भिजवला, असं तीनदा. नव्या कॅनव्हासच्या शिवणीत सुईची भोकं असतात. भिजल्यावर सुती धागा फुगतो आणि ती भोकं बुजत जातात. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून बघून अंगठा दाखवला. नवऱ्याने ऑफिसातल्या एकाकडून त्याचा जुनाट, फोमच्या गादीचा साधा स्वॅग उसना आणला. त्याला लाकडाच्या धुराचा आणि कुत्र्याचा वास येत होता.

जून अखेरीस बाबा आले. कराडच्या एसटी वर्कशॉपमध्ये हयात गेली, आता गुडघे बोलतात. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, आम्ही तिघं साउथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगांकडे निघालो. मिल्डुरामार्गे साडेअकराशे किलोमीटर, वाटेत दोन मुक्काम. यांबाला राज्याची सीमा ओलांडताना फळमाशीची तपासणी होते. मी पोह्यांसाठी घेतलेली लिंबं, मिरच्या आणि टोमॅटो सगळं तिथल्या डब्यात टाकावं लागलं. "जकात नाका," असं म्हणून बाबांनी गाडीतल्या गाडीत हात जोडले. त्यांना सर्वांत जास्त हळहळ मिरच्यांची.

मॉर्गन सोडल्यावर रस्ता सरळसोट आणि दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं. बाबांचं अंग आंबून गेलं होतं. मी गाडी कडेला घेतली, हवेची गादी काढली, फुगवली आणि उन्हात तशीच जमिनीवर अंथरली. बाबा वीस मिनिटं छान घोरले. ही माझी दुसरी चूक, आणि ती समजायला दोन रात्री थांबावं लागलं.

बर्राला मुक्काम करून पुढे निघालो. ओरोरू, कॅरिटन, क्रॅडॉक या पट्ट्यात माळावर छप्पर उडालेली दगडी घरं दिसत राहतात. 1865 मध्ये जॉर्ज गॉयडर नावाच्या सरकारी मोजणीदाराने घोड्यावरून हिंडून एक रेघ आखली: हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, नांगर घालू नका. पुढं काही वर्षं पाऊस चांगला झाला, लोकांनी गॉयडरला वेड्यात काढलं, रेघेपलीकडे गहू पेरला, घरं बांधली. 1880 च्या दशकात दुष्काळ आला आणि उरल्या त्या भिंती. एका पडक्या घराच्या चुलीपाशी बाबा बराच वेळ उभे होते. त्यांचं आजोळ माणदेशातलं. "दगडी बांधकाम चांगलं आहे," एवढंच बोलले.

विल्पेना पाउंडला दुपारी तीनला पोचलो. इथले मूळ रहिवासी असलेल्या अॅडन्यामथन्हा लोकांची ही भूमी, त्यांचं या जागेचं नाव इकारा, म्हणजे भेटीची जागा. डोंगरांचं एक अजस्र ताट, कडा वर उचललेल्या, मध्ये झाडी. नदीकाठी रिव्हर रेड गम नावाची निलगिरीची जुनी, अवाढव्य झाडं. त्यांच्या खाली सावलीत तंबू ठोकायचा मोह होतो आणि तोच टाळायचा असतो, कारण वारा नसतानाही ही झाडं अचानक आख्खी फांदी सोडतात. आम्ही मोकळ्यावर, वाऱ्याकडे पायाची बाजू करून जागा धरली. बाबांसाठी गाडीची मागची सीट पाडून अंथरूण केलं. जमिनीवरून उठणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

मी पंप मारायला लागले. बाबा खुर्ची टाकून काट्यावर लक्ष ठेवून. "सात... साडेसात... आठ. बास." गाडीत टायरचा कॉम्प्रेसर आहे, तो लावूया का, असं नवऱ्याने सुचवल्यावर बाबांनी त्याच्याकडे शिकाऊ उमेदवाराकडे बघावं तसं बघितलं. "जावईबापू, हे टायर नव्हं. एक सेकंद जास्त झाला तर फाटंल." नवऱ्याचा उसना स्वॅग मात्र नुसता उलगडला आणि झाला. काड्या नाहीत, नळ्या नाहीत, कॅनव्हास सरळ अंगावर.

रानातून लाकूड उचलायला इथं बंदी आहे, म्हणून दुकानातून जळण विकत आणलं. बिनमिरचीचं पिठलं-भात. सूर्य गेला तशी थंडी धावून आली. स्वॅगमध्ये शिरले, वरचा कॅनव्हास मागे गुंडाळला आणि फक्त डासांची जाळी ठेवली. तंबूपेक्षा स्वॅग का, याचं उत्तर तिथं डोक्यावर होतं. वृश्चिक रास कराडहून दक्षिणेला, डोंगराच्या जरा वर बघितलेली. इथं ती बरोबर माथ्यावर, नांगी वळवून पसरलेली. गाडीच्या उघड्या दारातून बाबांचा आवाज आला, "ती बघ ज्येष्ठा. अन् मूळ बघ किती वर आलंय." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

पुढची रात्र लिहावी की नको असं वाटतंय. कॅनव्हास ओढून घेतला, तरी अकराच्या सुमाराला पाठ गार पडायला लागली. अंगावर उणे पाच अंशांची म्हणून विकलेली स्लीपिंग बॅग होती, वरून ऊब होती, खालून मात्र कुणी बर्फाची लादी सरकवल्यासारखं. कारण साधं आहे. झोपल्यावर बॅगेतली पिसं अंगाखाली दबतात आणि ऊब धरत नाहीत. खाली गादीत नुसती मोकळी हवा. ती आत फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला नेऊन देते. पंधरा सेंटिमीटर उंच, पण पोकळ. दोनच्या सुमाराला तर उंचीही गेली. कंबर जमिनीला टेकली. अंधारात फूंऽऽ असा बारीक आवाज. पहाटे बघते तर डोक्याशी कमानही मऊ पडलेली, कॅनव्हास थोडा खाली आलेला. ही कमान पण पंक्चर, असं समजून मी रडायच्या बेताला आले.

"कमानीला काही झालेलं नाही," बाबा कानटोपी आणि माझा ओव्हरकोट घालून पंपाचा काटा लावून बघत होते. "दुपारी गरम हवा भरलीस, रात्री गार पडली, आक्रसली. गाडीच्या टायरचं पण हेच. पहाटे बघितलं तर कमीच दाखवतो." दुपारी सोळाच्या आसपास असलेलं तापमान पहाटे एकावर आलं होतं. नंतर चहा पिताना मी हिशोब मांडला: आठ पीएसआय भरलेली हवा एवढ्या फरकाने पावणेसातवर येते. कमान पडत नाही, पण ताठही राहत नाही. उपाय एवढाच, झोपायच्या आधी, थंडी पडल्यावर परत काटा बघायचा आणि कमी असेल तेवढं भरायचं. आणि उलटंही: सकाळी ऊन चढल्यावर फिरायला निघालात तर थोडी हवा सोडून जा.

गादीचं पंक्चर मात्र खरं होतं. बाबांनी भांडी घासायच्या साबणाचा फेस ताटात केला आणि गादीवर हाताने पसरत गेले. कंबरेच्या जरा खाली बुडबुडे आले. तिथं रुतून बसला होता एक वाळका काटा. बाबांनी तो नखाने काढला, तळहातावर घेतला, आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला राग येणार होता.

"अगं, हा सराटा!"

खरंच सराटा होता. गोखरू. इथं त्याला कॅटहेड म्हणतात, पण वनस्पती तीच, आणि टायरची वैरीही तीच. मॉर्गनच्या पुढं रस्त्याकडेला, खाली काही न अंथरता मी गादी टाकली होती तिथला. "चार हजार कोस लांब आलो, तरी हा हजर," म्हणत बाबांनी तो काडेपेटीत घातला. मग ठिगळाचं काम. ट्यूबसारखं पॉलिश पेपरने खरवडावं असं त्यांचं म्हणणं, आणि स्वॅगसोबत आलेल्या कागदावर स्पिरिटने पुसून नुसतं चिकटवा असं लिहिलेलं. दहा मिनिटं वाद झाला. शेवटी हात साफ करायच्या सॅनिटायझरने पुसलं, ठिगळ लावलं, त्यावर तांदळाचा डबा ठेवला आणि रात्रभर हात लावायचा नाही असं ठरलं.

म्हणजे दुसऱ्या रात्री मला गादीच नाही. नवऱ्याने थोरपणा दाखवत स्वतःच्या उसन्या स्वॅगमधली कुत्र्याच्या वासाची फोमची गादी मला दिली आणि तो गाडीत बाबांशेजारी झोपला. (दोघंही घोरतात. कुणी कुणाला जागं ठेवलं यावर अजून एकमत नाही.) ती पातळ, पिवळी पडलेली गादी मी माझ्या हवेच्या कमानीखाली सरकवली, नऊ वाजता कमानींना दहा-बारा पंप मारले, आणि थेट पांढऱ्या काकाकुव्यांच्या कलकलाटानेच उठले. पाठ गरम, डोक्यावर कापड ताठ. जाळीवरच्या कॅनव्हासला मूठभर फट ठेवली होती, त्यामुळे आदल्या पहाटे श्वासाच्या वाफेचं जे पाणी आतून ठिबकत होतं तेही नाही.

तेव्हापासून मला कुणी विचारलं तर सांगते: कमानीत हवा, पाठीखाली फोम. उन्हाळ्यात समुद्रकाठी हवेची गादी चालेलही. थंडीत, वाळवंटाच्या तोंडाशी, नाही. आणि दिवसभराच्या सामानात तळाला घालायची जाड ताडपत्री सगळ्यांत वर ठेवा, कारण ती हाताशी नसली की आपण "दोनच मिनिटं" म्हणून गादी तशीच टाकतो.

त्या दिवशी ब्राकिना गॉर्ज या घळीत गेलो, पिवळ्या पायांचे रॉक वॉलबी, म्हणजे कांगारूचे छोटे भाऊबंद, बघितले, शेपटीवर कडी काढलेले. सेंट मेरी शिखर 1171 मीटर आहे, पण माथ्यावर चढू नये अशी अॅडन्यामथन्हा लोकांची विनंती आहे, म्हणून आम्ही खालूनच बघून परतलो. बाबांना तसंही खालूनच बघायचं होतं.

निघायच्या सकाळी स्वॅग आवरायला घेतला. सगळ्या व्हॉल्व्हच्या टोप्या उघडल्या, पायाकडून डोक्याकडे गुंडाळत आले, तरी तो आपल्या पिशवीत जाईना. सगळ्याच स्वॅगची ही खोड असते. मी अंगावर बसून बघितलं, नवऱ्याने दोन्ही हातांनी रेटून बघितलं. बाबा लांबून चहा पीत बघत होते. कप खाली ठेवला, आले, वळकटी पुन्हा पूर्ण उलगडली, मधली हवा तळहाताने कडेला सारली, घट्ट गुंडाळत आणली आणि बऱ्या गुडघ्याने दाबून धरत पट्टा खेचला.

"मिरज स्टेशनात आख्खा होल्डॉल एका हातानं बांधायचो," ते म्हणाले. "ओढ आता पिशवी."