कुलर, माळवद आणि विंडोज ९८

अंबाजोगाई, मे महिना, रात्री

'नवा घे की, त्याच्यामागं काय लागायलास?' अण्णा आज पुन्हा म्हणाले. पण विंडोज ९८ च्या त्या जुन्या लॅपटॉपवरचं काम त्यांच्याच हातचं आहे. छपाईचे खिळे जुळवायचं सोडून ते ह्याच मशीनवर पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर, शिकले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उरुसाची पत्रकं, सगळं युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फाँटात. नव्या कंप्युटरवर फाइल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाँटचं डोंगल, म्हणजे ते चालायला लावावी लागणारी किल्ली, तीही प्रिंटरच्या पोर्टात लागते आणि तसं पोर्ट आता लॅपटॉपला येत नाही. म्हणून पानं इथंच उघडायची, छापण्याजोगी करायची आणि नेटवर्कवरून पलीकडं पाठवायची.

पण ह्याच्या वायफाय कार्डाला घरचा नवा राउटर दिसतच नव्हता. कार्ड ८०२.११बी, म्हणजे १९९९ चं मानक, वेग जास्तीत जास्त ११ एमबीपीएस. बऱ्याच नव्या राउटरमध्ये हे जुने वेग बंद ठेवलेले असतात, कारण एक मंद मशीन बोलत असलं की बाकीच्यांना थांबावं लागतं. त्यामुळं राउटर आपलं नावसुद्धा ह्या कार्डाला कळेल अशा पद्धतीनं सांगत नाही. कार्ड बिघडलेलं नाही, हे मी अण्णांना पुन्हापुन्हा सांगितलं.

मग कपाटातला जुना राउटर काढून त्याच्यासाठी वेगळं नेटवर्क केलं, 'बी' मोडवर. एप्रिलभर बरं चाललं. मे लागला, कुलर बसवला आणि लाइन तुटायला लागली. चॅनल १, ६, ११ सगळे बदलून पाहिले, फरक नाही. शेवटी डॉसच्या खिडकीत पिंग (पलीकडून उत्तर येतंय का ते बघायची आज्ञा) चालू ठेवून कुलर स्टँडसकट अंगणात ओढला आणि उत्तरं धडाधड यायला लागली. आमचं हे घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं; भिंती दगडमातीच्या, हातभर जाड. लहरींना आत यायला ती एकच खिडकी होती आणि तिच्यात आपण पत्र्याचं खोकं बसवलं, वर ओल्या ताट्या. पत्रा लहरी अडवतो, पाणी शोषून घेतं. पण मे महिन्यात कुलर काढा म्हणायची सोय नाही.

जुन्या कार्डाला वायफायचं डब्ल्यूईपी एवढंच जुनं कुलूप येतं. ते २००१ पासून मोडलेलं, त्यामुळं हे नेटवर्क तसंही मला खुपत होतं. म्हणून आज कार्डच काढलं. तोच जुना राउटर क्लायंट मोडवर (दुसऱ्या राउटरला जोडून घेणारा) टाकून सवण्याखाली, म्हणजे छतातल्या झरोक्याखाली, टांगला. मागच्या स्लॅबच्या घरातल्या नव्या राउटरशी तो डब्ल्यूपीए२ ह्या पक्क्या कुलपानं बोलतो आणि त्याच्यापासून लॅपटॉपपर्यंत साधी लॅन केबल. लॅपटॉपात गेटवेचा (बाहेर जायच्या वाटेचा) रकाना रिकामा ठेवलाय, त्याला इंटरनेटचं काही काम नाही. नव्या विंडोजमध्ये जुनं फाइल शेअरिंग बंदच असतं, ते उघडण्यापेक्षा फाइल पाठवायची एफटीपी ही जुनी पद्धत बरी.

संध्याकाळी कुलर चालू असताना पत्रिकांचा पहिला फोल्डर सबंध गेला. आता पावतीपुस्तकं लावलीत.