दादाचा पंप आणि छातीतली कळ

दादाला फाइव्ह-एफयूचा, म्हणजे कॅन्सरवरच्या केमोच्या औषधाचा, पंप लावून घरी सोडलं. बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढी वस्तू. आत औषधाने फुगलेला फुगा. तो ४६ तासांत हळूहळू आक्रसत जातो आणि औषध छातीतल्या पोर्टमधून, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून, रक्तात उतरतं. उलट्या, जुलाब, तोंड येणं, रक्तातल्या पेशी कमी होणं, सगळ्याची आमची तयारी होती. छातीत दुखण्याचा उल्लेख माहितीपत्रकात अगदी तळाशी, बारीक अक्षरांत.

रात्री दादा छाती चोळत बसलेला दिसला. "ॲसिडिटी आहे गं, झोप तू." वहिनीने अँटासिड दिलं. कळ यायची, काही मिनिटांत जायची, परत यायची. दुखणं अंगावर काढण्यात दादाचा हात कुणी धरणार नाही, म्हणून वाद न घालता मी सरळ वॉर्डला फोन लावला. सिस्टरनी पहिलं विचारलं, "पंप चालू आहे?" लगेच नळीचा क्लॅम्प बंद करायला लावला आणि तसंच इमर्जन्सीला बोलावलं.

ईसीजी बिघडलेला, अँजिओग्राफीत मात्र धमन्या स्वच्छ! या औषधाने क्वचित हृदयाच्या धमनीला उबळ येते, डॉक्टर म्हणाले. ब्लॉकेज नसतं, धमनीच आवळली जाते. बहुतेकदा हे पहिल्या काही दिवसांतच दिसतं. पंप बंद झाल्यावर कळ थांबली. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचाही पर्याय बाद झाला, कारण शरीरात गेल्यावर त्यांचं फाइव्ह-एफयूच होतं.

मग नातेवाइकांचे फोन. "आधी जीन टेस्ट का नाही केली?" अहो, ती टेस्ट डीपीडी या एन्झाइमसाठी. फाइव्ह-एफयूचा ८० टक्क्यांहून जास्त भाग तेच मोडतं. जन्मतः कमी असेल तर नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०२० मध्ये उपचाराआधी ही तपासणी करण्याची शिफारस केली. सगळीकडे व्हावी, असं माझंही मत आहे. पण ती नॉर्मल आली तरी धमनीला उबळ येऊ शकते, हे फोनवर समजावता समजावता माझा घसा बसला.

आता फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने 'फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबिन देऊ नये' लिहून घेतलंय. नवा डॉक्टर दिसला की वहिनी नमस्काराच्या आधी ते पान उघडते. दादाला याची भयंकर लाज वाटते. वाटू दे.