एमएम ५४० चा एअर इनटेक: गवंड्याच्या नळीने काढलेले आकडे

माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपची बॉडी आणि ब्रेकची कामं आटोपली, आता एअर क्लीनर. ज्यांनी आधीची नोंद वाचली नाही त्यांच्यासाठी: इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नाही, डिझेल सोडायला रोटरी पंप. तक्रार एकच. नांदुरीहून वणीच्या गडावर चढताना दुसऱ्या गिअरमध्ये मागच्या गाडीला रस्ता दिसू नये इतका काळा धूर. मिस्त्रींचा सल्ला तयार होता: "भाऊ, पंप थोडा कमी करू." धूर जाईल हे खरं, पण त्याबरोबर जोरही जाईल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. म्हणून आधी हवेची बाजू तपासायची ठरवली.

बिनटर्बो डिझेलची एक सोय आहे, तिचा फायदा फार कमी जण घेतात. रोटरी पंप असेल तर इनटेकच्या वाटेत बटरफ्लाय, म्हणजे हवा कमीजास्त करणारी झडप, नसते. त्यामुळे इंजिन घाटात ओझं ओढत असो की अंगणात रिकामं फिरत असो, ३५०० आरपीएमला हवा जवळपास तेवढीच ओढतं. म्हणजे एअर क्लीनर तपासायला ना डायनो (इंजिनाचा जोर मोजायचं यंत्र) लागतो ना घाट. हिशेबही साधा: २११२ ला ३५०० ने गुणा, फोर-स्ट्रोक म्हणून दोनने भागा. मिनिटाला सुमारे ३७०० लिटर. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाहीत, तेव्हा पंधराएक टक्के वजा धरा.

अडथळा मोजायला गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. फळीवर यू आकारात ठोकली आणि पाण्यात थोडी शाई टाकली. एअर क्लीनर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या पाइपला भोक पाडून निपल बसवलं, नळीचं एक टोक त्याला जोडलं, दुसरं मोकळं ठेवलं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक, मिलिमीटरमध्ये, हाच अडथळ्याचा आकडा. फळी मीटरभर उंच घ्या, नाहीतर पाणी थेट इंजिनात ओढलं जाईल. आरपीएमसाठी क्रँक पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटर वापरला.

जुना ऑइल बाथ, म्हणजे तेलाच्या वाटीत आणि तारेच्या जाळीत धूळ अडवणारा एअर क्लीनर, जसा होता तसा: ३९० मिमी. वाटीतलं तेल बदललं, तारेची जाळी डिझेलमध्ये धुऊन वाळवली: ३१०. एक पैसा खर्च न करता ८० मिमी गेले. ज्यांच्याकडे ऑइल बाथ आहे त्यांनी काहीही विकत घेण्याआधी एवढं जरूर करा. एक धोका मात्र लक्षात ठेवा. वाटीत खुणेच्या वर तेल भरलं, किंवा गाडी फार तिरकी झाली, तर ते तेल इंजिन ओढून घेतं. डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. आडव्या उतारावर गाडी घालणाऱ्यांना ऑइल बाथ नको म्हणायला माझ्या मते एवढं कारण पुरे.

पुढे एका मित्राचा तेल लावलेला कापडी कोन फिल्टर लावून पाहिला. आकडा थेट ७० वर आला, आवाज झकास, मित्र खूश. मग पेठ रस्त्याच्या पुढच्या कच्च्या वाटांवर फिरवला. निघण्यापूर्वी फिल्टरच्या मागे पाइपच्या आत बोटाने ग्रीसचा पातळ थर दिला होता. परत आल्यावर थरावर बारीक पिठासारखी धूळ बसलेली. द्राक्षबागांच्या बांधावरची माती बोटाला मऊ लागते, पण तिच्यातले सिलिकाचे कण रिंग आणि लायनरला घासकागदच. चांगला पेपर एलिमेंट (डब्यातली कागदी जाळी) ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो, ऑइल बाथ ९५ च्या आसपास. चार टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण उलटं वाचा: शंभरातले एक ग्रॅम आत जाणार की पाच? कोन परत केला.

आता ज्या भागासाठी ही नोंद लिहायला बसलो तो. बॉनेटखाली जुन्या एअर क्लीनरच्या तोंडाशी थर्मामीटरची तार बांधून गडावर चढलो. बाहेर ३५ अंश, तोंडाशी ६१. एक्सॉस्ट मॅनिफोल्डची आणि रेडिएटरमागची तापलेली हवा इंजिन ओढत होतं. हवेचं वजन केल्व्हिनमधल्या तापमानाच्या उलट प्रमाणात बदलतं. तोंड बॉनेटबाहेर काढल्यावर आकडा ३९ आला, म्हणजे ३३४ भागिले ३१२: सात टक्के जास्त हवा.

आता याच्याशी फिल्टरची तुलना करा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथल्या हवेचा दाब पाण्यात मोजला तर साधारण ९६०० मिमी. धुतलेला ऑइल बाथ (३१०) काढून फिल्टरच लावला नाही, अगदी शून्य अडथळा, तरी मिळणार सव्वातीन टक्के. कोन फिल्टर लावून अडीच. आणि हे कोन लोक कुठे लावतात? बॉनेटखाली, उघडे, गरम हवेत. आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखा वाटतो, त्याचं मी काही बोलत नाही.

निवड शेवटी ट्रॅक्टरच्या डब्यावर येऊन थांबली. पिंपळगावकडे असे डबे सहज मिळतात. डबा घेताना एचपी बघू नका, हवा बघा. तीन लिटरचं ट्रॅक्टर इंजिन २१०० आरपीएमला मिनिटाला ३१५० लिटर ओढतं, माझं ३७००. म्हणून चार लिटरच्या इंजिनाचा, एक माप मोठा डबा घेतला. आत दोन एलिमेंट: बाहेरचा मुख्य, आतला सेफ्टी. सेफ्टी एलिमेंट कधीही झटकायचा नाही, सरळ बदलायचा. डब्याच्या तळाला धूळ सोडणारा रबरी व्हॉल्व्ह आहे, तो खालीच आला पाहिजे. सातपूरला ब्रॅकेट वेल्ड करून घेतली, तीन इंची पाइप टाकला, तोंड विंडस्क्रीनच्या खालच्या पट्टीइतकं वर नेलं आणि त्यावर प्री-क्लीनरची वाटी बसवली. इगतपुरीकडच्या पावसात तोंड बंपरच्या उंचीवर ठेवणं म्हणजे इंजिनात पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकवून घेणं. सगळं धरून आकडा १६५. यातले २५ एकट्या प्री-क्लीनरचे, पण जाड धूळ तिथेच थांबते, म्हणून ते मी आनंदाने देतो.

निकाल: घाटातला धूर राखाडी झाला, फक्त गिअर टाकताना एक काळा भपका येतो. पीयूसीतही आकडा उतरला, पण उभ्या गाडीची रेस देऊन केलेली ती चाचणी मी फार मनावर घेत नाही. जोर वाढला का? नाही, आणि वाढायला नकोच होता. डिझेलमध्ये जोर पंप ठरवतो. हवा वाढल्याने आधी धुरात वाया जाणारं थोडं डिझेल आता जळतं, इतकंच. पंपाच्या स्क्रूला हात लावलेला नाही.

राहिलंय ते सर्व्हिस इंडिकेटर, म्हणजे फिल्टर तुंबला की लाल पट्टी दाखवणारा मीटर, बसवणं. ट्रॅक्टरचाच लागतो, लाल पट्टी ६०० मिमीच्या आसपास येते. मी ४०० लाच एलिमेंट बदलणार आहे. त्याआधी नाही, कारण थोडी धूळ धरलेला पेपर कोऱ्या पेपरपेक्षा बारीक कण चांगले अडवतो. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने हवा मारून "साफ" केलेल्या एलिमेंटला टॉर्च लावून बघा, भोकं दिसतील.