आरती तुटली की बसायचं

गेल्या पावसाळ्यात सुर्ल्याहून फिरून आलो तेव्हा छाती जड वाटत होती, डावा जबडाही ठणकत होता, आणि मी आपला गॅस झालाय म्हणून दोन लिंबू सोडे ढोसले. हा माझा शहाणपणा. मग अँजिओग्राफी, एक स्टेंट, मनगटावर टाचणीएवढा डाग. हॉस्पिटलच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच, त्या सोडा.

पुढचे सहा महिने घर ते नाका, नाका ते घर. ट्रेडमिल टेस्ट नीट आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हळूहळू डोंगर चढायला हरकत नाही पण चालताना बोलता आलं पाहिजे. आता बोलता येणं म्हणजे नेमकं किती? ते पात्रांवने ठरवलं. पात्रांव म्हणजे माझा डोंगरातला जुना जोडीदार, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. म्हणाला, "तू आरती म्हण, चतुर्थीला बोंबलतोस तशी. ओळ एका दमात झाली तर चालायचं, तुटली की बसायचं."

गोव्यातला पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर निवडला कारण तिथे रस्ता बराच वर जातो, काही झालंच तर गाडी मिळेल, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. आमची गाडी पायथ्याला ठेवली आणि निघालो. नेहमी मी पुढे असायचो नि तो मागून शिव्या घालत यायचा, आज तो मुद्दाम मागे. घड्याळात बघावं तर नाडी शंभराच्या वर जायलाच तयार नाही, नाडी हळू ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे ना, म्हणजे धाप लागली तरी घड्याळ म्हणतं सगळं मस्त. त्यापेक्षा आरती बरी. तिसऱ्या वळणावर तुटली. बसलो. खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं तर घ्यायची गोळी, आहे ना हे चारदा चाचपलं (ती जिभेखाली ठेवली तर बसूनच राहायचं, बीपी पडतं, उभं राहून शूरपणा नको). पात्रांव खालच्या कुशावती नदीच्या बाजूला बघत बसला, एक शब्द नाही. मला मात्र तेवढ्यात छातीत तीन वेळा काहीतरी झाल्यासारखं वाटलं आणि तिन्ही वेळा ते बॅगेचा पट्टा निघाला.

शेवटच्या पायऱ्या चढून चंद्रेश्वर भूतनाथाला हात जोडले. पौर्णिमेला लिंगाला पाझर फुटतो म्हणतात, मला तर घामानेच पाझर फुटला होता. पश्चिमेला समुद्राची रेघ दिसली आणि खरं सांगतो, डोळे भरले, पात्रांवने तेव्हाही कुशावतीच धरली.

उतरताना काट्याने पोटरी खरवडली. एवढासा ओरखडा, पण रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू, थांबेचना. रुमाल दाबून दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला बसलो. पात्रांव पहिल्यांदा हसला, "हार्ट चाललंय रे तुझं, बघ कसं पंप मारतंय."

मग गाड्यावर भाजी-पाव. मिरची भजी माझ्यासमोरून उचलून त्यानेच खाल्ली, चारही.