पोकळ बल्बचा ऑब्च्युरेटर: वजन कमी करताना काय बिघडतं

कॅन्सरसाठी वरच्या जबड्याचा भाग काढला की तोंड आणि नाक यांच्यातला पडदाच जातो. पाणी प्यायलं की नाकातून बाहेर येतं, बोलणं गेंगाणं होतं. ही पोकळी बंद करणारी कवळी म्हणजे ऑब्च्युरेटर. तिच्या वरच्या अंगाला एक बल्ब असतो आणि तो पोकळीत जाऊन बसतो. पंचाईत अशी की ज्या बाजूला बल्ब, त्याच बाजूला आधाराला ना दात असतात ना हाड. त्यामुळे सगळं वजन पलीकडच्या दातांवरच्या क्लास्पला (दाताला पकडणाऱ्या आकड्याला) लोंबतं आणि ते दात हळूहळू सैल होतात. दात गेले की पुढची कवळी कशाला अडकवायची, हा प्रश्न उभा राहतो.

अ‍ॅक्रिलिकची (कवळीच्या प्लॅस्टिकची) घनता साधारण १.१८ ग्रॅम प्रति मिली आहे. म्हणजे ३० मिलीचा भरीव बल्ब जवळपास ३५ ग्रॅम भरतो. तोच गोलसर बल्ब २ मिमी जाडीच्या भिंतीचा केला तर १० ग्रॅमच्या आसपास येतो. भरीव बल्बचा आणखी एक तोटा म्हणजे जाड भागात क्युअरिंगच्या (प्लॅस्टिक घट्ट करण्याच्या) वेळी उष्णता कोंडते, मोनोमर (पावडरीत मिसळलेलं लिक्विड) उकळतो आणि आत बारीक छिद्रं पडतात. ती मग वास धरून ठेवतात.

पोकळ करायच्या आधी बल्ब मुळात हवा तेवढाच आहे ना, हे बघावं. गालाकडची भिंत उंच हवी, कारण त्वचेचा ग्राफ्ट (पोकळीत लावलेलं त्वचेचं कलम) आणि तोंडाची त्वचा जिथे जुळते तिथे व्रणाची एक पट्टी तयार होते आणि बल्ब तिच्यावर टेकतो. नाकाच्या पडद्याकडे मात्र उंची फार वाढवून काही हाती लागत नाही, उलट श्वास अडतो आणि नाजूक त्वचा सोलते. माप घेताना आतल्या खोल खाचांमध्ये व्हॅसलिन लावलेला गॉज भरावा आणि त्याला दोरा बांधावा, नाहीतर अल्जिनेटचा (माप घ्यायच्या मऊ लगद्याचा) तुकडा तुटून आतच राहतो. बॉर्डर मोल्डिंग (हालचालींप्रमाणे कडांना आकार देणं) करताना पेशंटला खालचा जबडा दोन्ही बाजूंना सरकवायला सांगावं. हे टाळलं तर खालच्या जबड्याचं मागचं टोक बल्बला धक्का देतं आणि तोंड उघडलं की कवळी खाली येते. रेडिएशननंतर ज्यांचं तोंड नीट उघडत नाही, त्यांच्या बल्बची उंची आत जाण्याच्या वाटेवरूनच ठरते.

पोकळी करायची जुनी पद्धत मिठाची. अ‍ॅक्रिलिकच्या दोन थरांमध्ये मीठ भरायचं, क्युअर झाल्यावर दोन भोकं पाडून सिरिंजने कोमट पाणी सोडून ते धुवून काढायचं आणि भोकं बंद करायची. सोपी आहे, पण पॅकिंगच्या दाबाने मीठ एका बाजूला सरकतं. मग एक भिंत ४ मिमी होते, तर दुसरी कागदासारखी. शिवाय आत उरलेलं मीठ ओल धरतं.

त्यापेक्षा पुटीचा (कणकेसारख्या मळता येणाऱ्या सिलिकॉनचा) गाभा बरा. डीवॅक्स झाल्यावर (मेणाचा नमुना वितळवून काढल्यावर) कास्टमधल्या (तोंडाच्या प्लास्टर प्रतिकृतीतल्या) पोकळीला आतून मॉडेलिंग वॅक्सच्या पट्टीचं सारख्या जाडीचं अस्तर द्यायचं. आत सिलिकॉन पुटी भरून ती फ्लास्कच्या (साचा धरणाऱ्या दोन भागांच्या डब्याच्या) समोरच्या भागाला पक्की अडकवायची. मग वॅक्स काढून त्या फटीत अ‍ॅक्रिलिक भरायचं. पावडर आणि लिक्विड ३:१, क्युअरिंग ७४ अंशांवर आठ तास, आणि फ्लास्क पाण्यातच सावकाश थंड होऊ द्यायचा. घाईने उघडलेली पातळ भिंत वाकडी होते. पुटी लवचिक असल्याने खाचेतूनही ओढून काढता येते. उरतो तो टाळूच्या बाजूने उघडा बल्ब.

आता झाकण, आणि बहुतेक बल्ब इथेच फसतात. भोकाच्या कडेला एक पायरी कोरावी, म्हणजे झाकण आत पडत नाही. दोन्ही कडा तिरक्या घासून सुमारे तीन मिनिटं मोनोमरने ओल्या ठेवाव्यात, मगच सेल्फ क्युअर (न तापवता आपोआप घट्ट होणारं रेझिन) लावावं. रेझिन घट्ट होताना गरम होतं, आतली हवा फुगते आणि सांध्यातून बुडबुडा काढत बाहेर पडते. तिथेच सुईएवढं छिद्र राहतं. म्हणून झाकणात १ मिमीचं भोक मोकळं ठेवायचं आणि सांधा पूर्ण घट्ट व गार झाल्यावर ते एका थेंबाने बुजवायचं. सांधा टाळूच्या बाजूला असावा, असं आमचं ठाम मत आहे. तिथे तो दिसतो, घासता येतो आणि गळला तर दुरुस्त करता येतो.

तपासायला बल्ब कोमट पाण्यात बुडवावा. बुडबुडे दिसले तर तिथे गळती आहे. भिंत कुठे पातळ झाली हे दिव्यासमोर धरलं की कळतं, तो भाग जास्त उजळ दिसतो. हे ट्रिमिंग करण्याआधी बघायचं, नंतर नाही. वरचा पृष्ठभाग फुगीर, घशाकडे किंचित उतरता आणि आरशासारखा गुळगुळीत हवा, म्हणजे नाकातला स्राव साचत नाही. बल्ब वरून उघडा ठेवला तर वजन आणखी थोडं वाचतं खरं, पण त्या वाटीत स्राव साचून दुर्गंधी सुटते.

तोंडात बसवल्यावर पेशंटला "बाबा" आणि "मामा" म्हणायला लावावं. "बाबा"चं "मामा" ऐकू आलं तर हवा नाकात गळते आहे, म्हणजे सील कमी पडतोय. "मामा"चं "बाबा" झालं तर बल्बने नाक अडवलंय, उंची किंवा मागचा भाग कमी करावा. मग मान सरळ ठेवून पाणी पाजावं.

देण्याआधी कोरडं वजन काट्यावर घेऊन कार्डावर लिहून ठेवावं. अ‍ॅक्रिलिक स्वतः वजनाच्या साधारण दोन टक्के पाणी पितं, तेवढी वाढ ठीक. त्याहून जास्त भरलं किंवा हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं, तर सांधा उघडला आहे. तेव्हा वरून नुसता थर चढवू नये. भोक पाडून आतलं पाणी काढावं, पूर्ण वाळवावं आणि सांधा नव्याने करावा. बंद बल्बला हीट क्युअरने (तापवून घट्ट होणाऱ्या रेझिनने) रिलाइन करायचं, म्हणजे नवा थर द्यायचं झालं, तर आधी तेच १ मिमीचं भोक उघडून घ्यावं. नाहीतर आतली हवा तापून पातळ भिंत फुगते किंवा तडकते.