नक्की साल लिहा म्हणे!

जुन्या वाड्यात गुप्तधन आहे, ही आमच्या घरातली पिढीजात वदंता. २०२३ च्या दिवाळीत चुलतभावाने कुठूनसा मेटल डिटेक्टर आणला आणि जात्याच्या जागेखाली खरंच गडू निघाला. सोनं नव्हे, फडक्यात बांधलेली ४३ तांब्याची नाणी.

पोलीस पंचनामा वगैरे सुरळीत झालं. अडलं ते कचेरीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मी अर्जात ‘अंदाजे १८९३ नंतर पुरलेले’ लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, अंदाजे चालत नाही. नक्की साल लिहा. शंभर वर्षांच्या आतलं की बाहेरचं?”

प्रश्न चुकीचा नव्हता. शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल तर पुरणाऱ्याचे वारस दावा लावू शकतात. पण नाण्याचं वय आणि पुरण्याचं वय वेगळं, हे त्यांना पटेना. एकतीस शिवराया होत्या, ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’. त्यावर साल नसतं. ही नाणी १६७४ च्या राज्याभिषेकापासून पेशवाई संपेपर्यंत आणि पुढेही पडत राहिली, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. (भाऊ अजून रुसलाय.) बाकीच्यांत सर्वांत नवं नाणं ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’, १८९३. म्हणजे गडू त्याआधीचा नाही. नंतरचा किती, ते नाणी सांगत नाहीत. व्हिक्टोरियानंतरच्या एडवर्ड राजाची नाणी १९०३ पासून आली, त्यातलं एकही नव्हतं आणि १८९३ चं नाणं फारसं झिजलेलं नव्हतं, म्हणून पुरणं त्याच सुमाराचं, एवढाच तर्क. हे मी तीन हेलपाट्यांत तीनदा सांगितलं. “कार्बन टेस्ट करून आणा.” अहो, तांब्यात कसला कार्बन! ती चाचणी लाकूड, हाड, कापडाची. आणि इतक्या अलीकडच्या वस्तूवर तिचाही नीट उपयोग नाही.

कापडावरून आठवलं: ते फडकं आम्ही केरात टाकलं. त्याचा काठ, छापा पाहून कुणी जाणकार काही बोलला असता. आणि काकूंनी आठ नाणी चिंचेने घासली. कृपा करून घासू नका, हिरवा थर तसाच राहू द्या. सापडल्या जागी आधी फोटो काढा, आणि सर्वांत नवं नाणं आधी शोधा. आम्ही सर्वांत जुनं शोधत बसलो.

चौथ्या खेपेला टेबलावर दुसरेच भाऊसाहेब होते. वाचलं, शिक्का मारला, पोच दिली. पोचेवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘अंदाजे’.